बर्था बेंझ आणि आंबा घाटातली वाफ

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

सुरुवातीलाच कबूल करते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. दहावीपर्यंत मराठीचा तास म्हणजे माझ्यासाठी खिडकीबाहेर बघायचा तास होता. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे, असं रूममेटने सांगितलं तेव्हा मी आधी हसले आणि मग घाबरले. ऱ्हस्व-दीर्घ तिने तपासून दिलंय. मजकूर माझा, आणि त्यातूनही राहिलेल्या चुका माझ्याच.

विषय मात्र शोधावा लागला नाही. तो दिवाळीच्या सुट्टीत आंबा घाटात वाफ सोडत उभा होता.

आमच्याकडे एक जुनी गाडी आहे, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. बाबा ती विकायचं नाव काढत नाहीत. गेलं वर्षभर तिला पाणी प्यायची सवय लागली होती. आधी महिन्याने, मग आठवड्याने, मग प्रत्येक फेरीला रेडिएटरमध्ये पाणी घालावं लागायचं. बाबांनी मला विचारलं, कारण आमची मुलगी इंजिन शिकते हे ते कॉलनीत सगळ्यांना सांगत फिरतात. मी बॉनेट उघडलं, दोन मिनिटं गंभीर चेहरा केला आणि सांगितलं की जुनी गाडी आहे, थोडं पाणी उडून जाणारच, घालत राहा. थर्मोला मला डिस्टिंक्शन होतं, त्यामुळे बाबांचा लगेच विश्वास बसला. मागच्या सीटखाली बोअरच्या पाण्याच्या चार बाटल्या कायमच्या मुक्कामाला आल्या.

दिवाळीनंतर आजीला कोकणातून कोल्हापूरला आणत होतो. साखरपा सोडून घाट चढायला लागलो आणि टेंपरेचरचा काटा लाल पट्टीला टेकला. मग वाफ, मग एक विचित्र आवाज आणि मग काहीच नाही. चारही बाटल्या आम्ही घाटाखालीच संपवल्या होत्या. भर उन्हात एका दगडावर आजी छत्री धरून दोन तास बसून होती. तिने एक शब्द काढला नाही. तिने काहीतरी बोलायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

गाडी ओढून घाटमाथ्यापलीकडे एका मेकॅनिक काकांकडे नेली. त्यांनी बॉनेटला हात लावायच्या आधी चारच गोष्टी विचारल्या. गाडी उभी असताना जास्त तापते की पळताना? सुरू केल्यावर किती वेळाने तापते? खाली पाणी सांडलेलं दिसतं का? सकाळी पहिल्यांदा सुरू करता तेव्हा धूर कुठल्या रंगाचा येतो?

मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. वर्षभर मी त्या गाडीत पाणी ओतत होते आणि ते पाणी जातं कुठे, हे एकदाही बघितलं नव्हतं.

हेड गॅस्केट गेलं होतं, हेड वाकलं होतं. घरी सगळे मला काहीच बोलले नाहीत, आणि ते जास्त लागलं. हॉस्टेलवर परत आल्यावर लायब्ररीत आयसी इंजिनची पुस्तकं उघडून बसले. एका पुस्तकाच्या इतिहासाच्या प्रकरणात कार्ल बेंझवर दोन पानं आणि त्याच्या बायकोवर एक ओळ होती: तिने त्याची गाडी लांबवर चालवून दाखवली, म्हणून गाडीची जाहिरात झाली. पुढे आणखी वाचलं तेव्हा कळलं की तिची गाडीसुद्धा पाणी प्यायची. आमच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त. तरी ती पोचली. ती कशी पोचली आणि मी का नाही, हे समजून घ्यायला मी तिचं सगळं आयुष्य वाचून काढलं. तेच इथे सांगते.

बर्था रिंगरचा जन्म ३ मे १८४९ चा, जर्मनीतल्या बाडेन प्रांतातल्या फोर्झहाइम गावचा. सोन्याच्या आणि दागिन्यांच्या कारागिरीसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. वडील सुतारकाम आणि बांधकामाच्या धंद्यात पैसा मिळवलेले, घर खाऊनपिऊन सुखी. घरच्या बायबलमध्ये मुलांच्या जन्माची नोंद करायची पद्धत होती. या मुलीच्या जन्माच्या वेळी वडिलांनी, दुर्दैवाने यंदाही मुलगीच झाली, अशा अर्थाचं काहीतरी लिहून ठेवलं आणि मोठी झाल्यावर ते तिच्या वाचनात आलं, अशी गोष्ट सांगतात. तिने ते मनात ठेवलं असणार. आपल्याकडे अशी नोंद कोणी लिहीत नाही, तोंडाने म्हणतात, एवढाच फरक.

तिला यंत्रांची आवड होती, पण तिच्या तरुणपणी मुलींना तिथल्या विद्यापीठाचं दार बंद होतं. बाडेनमध्ये ते उघडलं १९०० मध्ये. तोपर्यंत बर्था पन्नाशीची झाली होती.

१८६९ मध्ये एका सहलीत तिची कार्ल बेंझशी ओळख झाली. कार्ल २५ नोव्हेंबर १८४४ चा. वडील रेल्वे इंजिनचे ड्रायव्हर, ते हा दोन वर्षांचा असतानाच गेले. आईने काटकसर करून त्याला कार्ल्सरूहेच्या पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवलं. घोड्याशिवाय चालणारी गाडी बनवायची हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. खिशात मात्र काही नव्हतं.

१८७१ मध्ये त्याने मानहाइमला एका भागीदाराबरोबर वर्कशॉप काढलं. भागीदार बिनभरवशाचा निघाला आणि वर्कशॉप बुडायला आलं. तेव्हा बर्थाने जे केलं ते आजही सोपं नाही. आपल्या हुंड्याचे पैसे तिने लग्नाच्या आधीच वडिलांकडून मागून घेतले आणि त्या भागीदाराचा हिस्सा विकत घेतला. लग्न झालं २० जुलै १८७२ ला. तिथल्या कायद्याने लग्न झाल्यावर बाईच्या पैशावरचा अधिकार नवऱ्याकडे जायचा. म्हणजे आपल्या मर्जीने ते पैसे गुंतवायची ही तिची शेवटचीच संधी होती, आणि ती तिने एका बुडत्या वर्कशॉपवर लावली. प्लेसमेंटच्या भाषेत याला हाय रिस्क म्हणतात.

पुढची वर्षं वाईट गेली. १८७३ पासून जर्मनीत मंदी होती. त्यात संसार, मुलं आणि देणेकरी. पत्र्याची आणि यंत्राची किरकोळ कामं करत कार्ल रात्री इंजिनवर बसायचा. ३१ डिसेंबर १८७९ च्या रात्री, सगळं गाव नवीन वर्षाची वाट बघत असताना, हे दोघं वर्कशॉपमध्ये गेले आणि त्यांचं टू-स्ट्रोक इंजिन पहिल्यांदा नीट सुरू झालं. जागेवर ठेवून चालवायच्या या इंजिनांवर पैसे मिळायला लागले. १८८३ मध्ये बेंझ आणि कंपनी उभी राहिली आणि गाडीच्या स्वप्नाला हात घालता आला.

२९ जानेवारी १८८६ हा दिवस आपल्याला व्हायवात विचारतात. त्या दिवशी कार्ल बेंझने तीन चाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, ९५४ सीसी, ४०० आरपीएमला पाऊण हॉर्सपॉवर. आपल्या मेसच्या मिक्सरची ताकद साधारण तेवढीच असेल. पेटंटवर बर्थाचं नाव नव्हतं.

गाडी तयार झाली, पण घ्यायला कोणी येईना. कार्ल हाडाचा इंजिनिअर होता. तो रोज एक सुधारणा करायचा आणि गाडी अजून तयार नाही असं स्वतःलाच सांगायचा. (आपल्या फायनल इयर प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये असा एक तरी असतोच.) मानहाइमच्या आसपास छोट्या फेऱ्या व्हायच्या. लोक बघायचे, हसायचे, घाबरायचे आणि घरी जायचे. गाडीने एका गावाहून दुसऱ्या गावाला जाता येतं, हे कोणी बघितलंच नव्हतं. करून दाखवल्याशिवाय कोणी पैसे देणार नाही, हे बर्थाला कळत होतं. शेवटी त्यात तिचा हुंडा होता.

ऑगस्ट १८८८. मुलांना सुट्टी होती. बर्था तेव्हा एकोणचाळीस वर्षांची, चार मुलांची आई. एका पहाटे ती युजेन आणि रिचर्ड या दोन मोठ्या मुलांना घेऊन निघाली. युजेन पंधरा वर्षांचा, रिचर्ड तेरा. जायचं होतं माहेरी फोर्झहाइमला, शंभर किलोमीटरच्या थोडं पलीकडे. कार्ल झोपेत होता आणि त्याला जाग येऊ नये म्हणून गाडी थोडी लांब ढकलत नेऊन मग सुरू केली, असं सांगतात. गाडी होती सुधारलेली तिसरी आवृत्ती, दोन-अडीच हॉर्सपॉवरच्या आसपासची. रस्ते घोडागाडीचे. नकाशात पेट्रोल पंप नाही, कारण पेट्रोल पंप ही गोष्टच नव्हती.

आता पाण्याचं.

या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता, पंप नव्हता, पंखाही नव्हता. सिलिंडरच्या भोवती पाणी असायचं. इंजिन तापलं की ते पाणी उकळायचं आणि वाफ उघड्यावर निघून जायची. बस, एवढीच कूलिंग सिस्टिम. पण ही युक्ती साधी असली तरी खुळी नाही. उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशाला उकळतं आणि शेवटचा थेंब संपेपर्यंत त्याच्या वर जात नाही. म्हणजे पाणी आहे तोवर इंजिन आपोआप एका तापमानाला बांधलेलं. चुलीवरच्या पातेल्यात पाणी असेपर्यंत पातेलं जळत नाही, तसंच. पाणी संपलं की मात्र पातेलं करपायला वेळ लागत नाही. पिस्टन फुगतो, ऑइल पातळ होतं आणि इंजिन जाम.

मी एक हिशेब करून बघितला. आपण लॅबमध्ये हीट बॅलन्स शीट काढतो तसाच, फक्त आकडे अंदाजाचे. इंजिन शाफ्टवर दीड किलोवॅट देतंय असं धरा. त्या काळचं इंजिन, एफिशियन्सी यथातथाच, म्हणून त्याच्या दुप्पट, ३ किलोवॅट उष्णता जॅकेटच्या पाण्यात जाते असं धरू. तासाला झाले १०,८०० किलोज्यूल. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३३५ आणि त्याची वाफ करायला २,२५७, मिळून जवळजवळ २,६०० किलोज्यूल लागतात. भागाकार केला की तासाला चार लिटरच्या वर पाणी येतं. पहाटे निघून संध्याकाळपर्यंतचा प्रवास, मधले थांबे वजा केले तरी दोन-तीन बादल्या. या बादल्या बर्था आणि मुलांनी वाटेतल्या खानावळीत, विहिरीवर, ओढ्यावर, जिथे मिळेल तिथे भरल्या.

इथे मला माझी चूक पहिल्यांदा नीट दिसली. पाणी कमी होणं हे लक्षण दोन्ही गाड्यांत एकच, पण अर्थ अगदी उलटा. तिच्या गाडीत पाणी उडून जाणं हेच कूलिंग होतं. ते कुठे जातं हे डोळ्यांना दिसत होतं, किती लागेल याचा अंदाज होता आणि थांबे त्याप्रमाणे होते. आमच्या गाडीची सिस्टिम बंद. तेच पाणी पंपाने फिरतं, इंजिनची उष्णता घेतं, रेडिएटरमध्ये सोडतं आणि परत येतं. त्यावरचं झाकण म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी. दाब वाढवून ते उकळबिंदू ११८-१२० अंशांपर्यंत नेतं. (म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण कधी उघडू नये. दाब गेला की आतलं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.) अशा बंद सिस्टिममधून पाणी जायलाच नको. रोज तांब्याभर जात असेल तर कुठून तरी वाट फुटलेली आहे. मी १८८८ सालचं उत्तर आताच्या गाडीला दिलं होतं.

परत बर्थाकडे. वाटेत वीसलोख गाव लागलं. गाडी लिग्रॉइनवर चालायची. हा पेट्रोलचाच हलका भाऊ, तेव्हा कपड्यांवरचे डाग काढायला औषधाच्या दुकानात मिळायचा. तिने तिथल्या दुकानातून तो विकत घेतला. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं.

मग इंजिन बंद पडलं. इंधनाची नळी चोंदली होती. बर्थाने टोपीची लांब पिन काढली आणि नळी साफ केली. दुसऱ्यांदा इग्निशनच्या वायरचं वेष्टण घासून गेलं होतं, तर मोजे वर धरून ठेवायचा पट्टा गुंडाळून तिने इन्सुलेशन केलं. चेन सैल झाली तर लोहार गाठला. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा बाउशलॉट गावातल्या चांभाराकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगची ही सुरुवात मानतात.

पिनेची आणि पट्ट्याची गोष्ट सगळे गमतीने सांगतात. बाई ती बाई, तिने पिन वापरली. आमच्या वर्गात साठात चार मुली आहेत आणि अशा गमती आम्हाला वर्कशॉपमध्ये भरपूर ऐकायला मिळतात, म्हणून असेल, पण मला ही गोष्ट वाचताना हसू आलं नाही. पिन सगळ्यांकडे होती. पिन कुठे घालायची ते कळणं महत्त्वाचं. इंजिन बंद पडलं की तीन संशयित असतात: इंधन, ठिणगी, कॉम्प्रेशन. बंद पडलेलं यंत्र यातलं कुठलं, ते स्वतः सांगत नाही. एकदा इंधन आणि एकदा ठिणगी, दोन वेगळे बिघाड त्या रस्त्यावर वेगळे ओळखले गेले. मॅन्युअल नाही, मोबाइल नाही, आणि विचारायला त्या प्रकारचा मेकॅनिक जगात एकच, तो घरी. सतरा-अठरा वर्षं ज्या बाईने वर्कशॉपला पैसे आणि रात्री दिल्या, तिलाच हे जमू शकतं. कॉलेज तिला मिळालं नव्हतं. ते तिने शेडमध्ये उभं राहून केलं होतं.

चढावर मात्र ज्ञान उपयोगी पडलं नाही. गाडीला दोनच गिअर. चढ आला की उतरायचं आणि ढकलायचं. दिवेलागणीला ती माणसं फोर्झहाइमला पोचली आणि कार्लला तार केली. काही दिवसांनी दुसऱ्या वाटेने, पुन्हा गाडीनेच, मानहाइमला परतली.

परत आल्यावर नवऱ्यासमोर ठेवायला तिच्याकडे टेस्ट रिपोर्ट तयार होता. चढासाठी आणखी एक खालचा गिअर हवा, ब्रेकला चामडं हवं. कार्लने दोन्ही गोष्टी केल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं आणि लोक हळूहळू गाडी विकत घ्यायला लागले. १८९९ मध्ये बेंझ कंपनीने ५७२ गाड्या बनवल्या. तेव्हा ती जगातली सर्वांत मोठी मोटार कंपनी होती.

यानंतर जे झालं तेही पुन्हा पाण्याशीच येऊन थांबतं. गाड्यांची ताकद वाढत गेली आणि वाफ सोडून गार होण्याची युक्ती पुरेना. प्रतिस्पर्धी डाइमलर कंपनीतल्या विल्हेल्म मायबाखने १९०० च्या अखेरीस ३५ हॉर्सपॉवरची मर्सिडीज तयार केली. तिच्यात मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर होता. ६ बाय ६ मिलिमीटरच्या तब्बल ८,०७० नळ्या एकमेकींना डाखलेल्या. नळ्यांतून वारा, त्यांच्या मधल्या फटीतून पाणी. हवेला भिडणारा पृष्ठभाग एवढा वाढला की आधीपेक्षा निम्म्या, म्हणजे ९ लिटर पाण्यात काम भागलं, आणि पाणी उकळून फेकून द्यायची गरजच राहिली नाही. हलक्या, वेगवान मर्सिडीजपुढे बेंझच्या गाड्या जुनाट दिसायला लागल्या. विक्री झपाट्याने घसरली. कंपनीत वाद झाले आणि १९०३ च्या जानेवारीत कार्ल रोजच्या कारभारातून बाहेर पडला. नंतर त्याने मुलांबरोबर लाडेनबुर्गला छोटा कारखाना काढला आणि दोघं तिथेच राहायला गेली.

१९२६ मध्ये बेंझ आणि डाइमलर या कंपन्या एक झाल्या. ४ एप्रिल १९२९ ला कार्ल गेला. सगळे सोडून गेले तेव्हा बर्था बरोबर होती, हे त्याने आपल्या आठवणींच्या पुस्तकात मोकळेपणाने मान्य केलं आहे. पेटंटवर नव्हतं ते निदान तिथे आलं.

बर्था त्याच्यानंतर पंधरा वर्षं जगली. ३ मे १९४४ ला, महायुद्ध चालू असताना, तिला पंचाण्णव वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशी कार्ल्सरूहेच्या तांत्रिक विद्यापीठाने तिला मानद सिनेटर केलं. कार्ल जिथे शिकला आणि तिला तरुणपणी जिथे पाऊल टाकता आलं नसतं, तेच हे कॉलेज. दोन दिवसांनी, ५ मे १९४४ ला, ती गेली. २००८ पासून तिच्या प्रवासाच्या रस्त्याला अधिकृतपणे तिचं नाव आहे आणि वाटेवर पाट्या लावल्या आहेत.

मला वाईट वाटतं ते त्या दोन दिवसांचं. अर्थात, आलं ते आलं.

आता आमच्या गाडीचा राहिलेला हिशेब. मेकॅनिक काकांकडे मी पुन्हा गेले. या वेळी वही घेऊन. त्यांनी शिकवलं ते आपल्या ज्युनिअर्ससाठी इथे लिहिते, कारण सिलॅबसमध्ये ते सापडलं नाही.

गाडी ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि पळायला लागली की गार होते, तर हवा पुरत नाही. पंखा, पंख्याचा पट्टा, त्याचा स्विच बघा. वेगात असताना तापते, तर पाणी फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता सोडत नाही. पंप आणि रेडिएटर बघा. सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापली, वरचा होज पाइप कढत आणि खालचा गार, तर थर्मोस्टॅट बंदच अडकलाय असा पहिला संशय. जमिनीवर ओल आहे, तर होज, पंप, रेडिएटर यांपैकी कोणीतरी गळतंय. जमीन कोरडी, तरी पाणी कमी, सकाळी पांढरा धूर थांबत नाही, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, इंजिन थंड असताना झाकण काढून सुरू केलं की रेडिएटरमध्ये बुडबुडे, तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय. हेड गॅस्केट. आमच्या गाडीत यातलं सगळं होतं. वर्षभर होतं.

मग त्यांनी आमचा जुना रेडिएटर कापून दाखवला. नळ्या आतून पांढऱ्या थराने भरलेल्या. गीझरच्या कॉइलवर साठतो तोच क्षार. बोअरचं पाणी. आधी एक होज बारीक गळत होता, दुरुस्ती अगदी किरकोळ. मी तो शोधला नाही, पाणी घाला म्हणाले. त्या पाण्याने रेडिएटर चोंदला, चोंदल्यामुळे इंजिन तापलं, तापल्यामुळे हेड वाकलं. ज्या बाटल्यांनी मी गाडी वाचवत होते, त्यांनीच ती मारली. काका हे सगळं अगदी शांतपणे सांगत होते. जाताना त्यांनी मला रेडिएटरचा एक तुकडा दिला. तो माझ्या हॉस्टेलच्या टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून.

गेल्या महिन्यात घरी गेले होते. सकाळी इंजिन थंड असताना झाकण उघडलं. कूलंटची पातळी काकांनी खूण केली होती तिथेच, काठोकाठ. खाली फरशी कोरडी. पहिल्या धुराला रंग नाही. मी हे सगळं बाबांना रीतसर सांगितलं आणि या वेळी सगळं स्वतः बघून मगच सांगितलं. मागच्या सीटखालच्या बाटल्या काढून टाकल्या.

संध्याकाळी आजीला फिरवून आणलं. गाडीत बसताना आजी हल्ली मांडीवर पाण्याची बाटली घेते. स्वतःला प्यायला, असं म्हणते. परत येईपर्यंत तिने त्यातला एक घोटही घेतला नाही.